शून्य मिलिमीटर

मल्हारगंजात जिलबीची दोन दुकानं आहेत, समोरासमोर.
भेरूलालचं आणि गेंदालालचं.
सख्खे भाऊ. एकोणीस वर्षं झाली,
मधला बारा पावलांचा रस्ता
दोघांपैकी कुणी ओलांडलेला नाही.

वाटणीत कढया मोजल्या गेल्या, झारे, पराती, गल्ला.
घोलाची हंडी मात्र एकच होती, बापाच्या वेळची, मातीची.
हंडी चिरता येत नाही,
म्हणून घोल वाटला, वाडग्यानं:
एक तुला, एक मला.
शेवटी अर्धा वाडगा उरला, त्यावरून शब्द वाढला,
तो मोरीत ओतला.

हे भेरूलालनंच सांगितलं,
मी निर्जंतुक बाटली त्याच्या हंडीत बुडवत होते तेव्हा.
"बेनजी, इनमें देखणो कंई है? खट्टो है, बस."

खट्टो तर आहेच.
पण आंबटपणा मी मारून पाहिला, थेंब थेंब अल्कली घालून.
उकळून पाहिलं.
तरी सकाळी बशीत, आगरला पाडलेल्या विहिरीभोवती
स्वच्छ गोल कडं होतं,
तेलकट पातेल्यात साबणाचा थेंब पडावा तसं.
तेवढ्या जागेत कुणी उगवायला धजलं नव्हतं.
मग प्रथिनं पचवणारं एन्झाइम टाकलं. कडं गेलं.
लघाटे सर म्हणाले, "प्रथिन आहे!"
आणि स्वतःच्या पैशानं चहा मागवला.

छत्तीस नमुने होते त्या वर्षी.
कुणाचं दही, कुणाची कांजी, एका घरचं इडलीचं पीठ
जे त्या घरच्या मुलीनं लाजत लाजत दिलं.
सतरा नंबर भेरूलाल. अठरा गेंदालाल.
कडं दोघांचंही अकरा मिलिमीटर.

मला वाटायचं, असलं विष परक्यांसाठी असणार.
नाल्याच्या पाण्यातले जंतू आणून लावले. ढिम्म.
ते आपले बशीभर पसरले, काही झालंच नाही अशा थाटात.
मरतात ते जवळचे.
त्याच पिठातले, त्याच साखरेवर जगणारे,
ज्यांच्या नावातला पहिला शब्द एकच असतो.
भाऊबंदकी. आपल्याला वाटतं, ती माणसानं काढली.

एका शनिवारी सर उज्जैनला गेले होते.
मी सतराचा अर्क अठरावर सोडला,
अठराचा सतरावर.
कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सुट्टी असून गेले. इन्क्युबेटर उघडला.
कडं नाही.
विहिरीच्या ओठापर्यंत दाट साय धरलेली,
दोन्ही बशांत.
विष करणारा त्याचा उतारा आधी स्वतःपाशी ठेवतो,
एवढं पुस्तकातून ठाऊक होतं.
तो उताराही त्या दिवशी वाडग्यातून गेला होता,
इकडे एक, तिकडे एक,
आणि भांडणाऱ्यांच्या हिशेबात आला नाही.

"शून्याचा पेपर होत नाही, मुळेबाई," सर म्हणाले.
नाहीच होत.
दोन्ही बशा एका पिशवीत घातल्या,
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
बाहेर काढल्या तेव्हा कुठली कुणाची, सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी गेंदालालकडे पाव किलो घेतली.
तो फडक्यातून वेटोळी सोडत होता, मान वर न करता.
"सामनेवाले का कितना आया?"
अकरा.
"और म्हारो?"
अकरा.
त्याचा हात थांबला नाही, पण एक वेटोळं मिटायचं राहिलं,
तेलात तसंच उघडं तळत गेलं.
तेच त्यानं माझ्या पुड्यात टाकलं, वजनाच्या वर.

शून्याचं मी बोलले नाही.
ते वहीत आहे, पान त्रेसष्ट,
निळ्या शाईत, त्यावर
पाकाच्या बोटाचा एक डाग.